आधी ती जेवू दे

फोन घरमालकिणीने उचलला आणि जिन्याखालून मला हाक मारली. मार्च संपत आला होता. मी तेव्हा म्युनिकजवळ गार्चिंगला होतो. आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाआधी काही महिने प्रत्यक्ष कामावर काढावे लागतात, त्यासाठी एका संस्थेच्या वर्कशॉपमध्ये मला जागा मिळाली होती. जर्मनीत मला कोणी फोन करत नाही.  पलीकडे वसंतराव होते, हॅम्बर्गहून. "सदा, अरे ती गेली," एवढंच म्हणाले. आणि मी विचारलं, "कोण?" खरं तर मला कळलं होतं. दहा दिवसांपूर्वीच इंदूवहिनींना न्यूमोनिया झाल्याचं त्यांचं पत्र आलं होतं. तरी मी विचारलं. ते म्हणाले, "तुझी वहिनी रे."

वहिनींविषयी कोणीतरी लिहायला हवं असं मला वाटतं, आणि लिहू शकेल असं दुसरं कोणी मला दिसत नाही. त्या कोणी नामवंत नव्हत्या. मिरजेची एक बाई, नवऱ्याच्या नोकरीपायी हॅम्बर्गला आली आणि सहा वर्षं तिथे राहिली. मीही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील खाडीवर होडी चालवतात. माझी पत्रं त्यांना शाळेचे मास्तर वाचून दाखवतात, तेही ओटीवर, चार माणसांत; म्हणून मी घरी कायम "मी खुशाल आहे, थंडी बरी आहे" एवढंच लिहीत आलो. मनातलं लिहायची सवयच राहिली नाही. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

साठ साली मी हॅम्बर्गला आलो तेव्हा वसंतराव बंदरात जहाजांच्या इंजिनदुरुस्तीच्या कामावर होते. ट्रामच्या थांब्यावर त्यांनी मला मराठीत पुटपुटताना ऐकलं आणि सरळ घरी जेवायला नेलं. दोन खोल्यांचं घर, चौथ्या मजल्यावर. वहिनींनी दार उघडलं, मला पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, सांगायचं तरी! भात टाकला असता ना जास्तीचा." मग माझ्याकडे बघून, "या भाऊजी. बूट तिथे नको, खालची म्हातारी वास येतो म्हणते." त्या दिवसापासून मी त्यांचा भाऊजी झालो. वसंतरावांच्या पाळ्या वेड्यावाकड्या असत. वहिनी दिवसच्या दिवस एकट्या. जर्मन त्यांना दुकानापुरतं येई. "जा" आणि "गेनाऊ" या दोन शब्दांवर सगळं निभावून नेत. समोरचा काहीही बोलला तरी आधी "जा", तो थांबला की "गेनाऊ". "हो आणि बरोबर म्हणत राहिलं की माणसं खूश असतात, भाऊजी. सासरीही मी हेच करत होते," असं म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

कपाटावर एका लहान मुलीचा फोटो होता. ती त्यांची मुलगी, शैला. पाच वर्षांची असताना तिला आजोळी मिरजेला ठेवून त्या इकडे आल्या. वसंतरावांचं काम दोनच वर्षांचं ठरलं होतं. तेवढ्यासाठी पोरीला या थंडीत कशाला आणा, असं सगळ्यांनी ठरवलं. त्या दोन वर्षांची पुढे मुदत वाढली, मग आणखी वाढली. शैलाला मामीने सांभाळलं, अगदी पोटच्या पोरीसारखं. मामीची मुलं आई म्हणत, म्हणून तीही मामीला आई म्हणू लागली. वहिनी तिच्या पत्रांत 'हॅम्बर्गची आई' झाल्या. त्या हे मला एकदा हसत हसत सांगायला लागल्या आणि मध्येच उठून भांडी घासायला गेल्या… नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका रविवारी वसंतरावांना झोप काढायची होती. "सदा, हिला जरा कुठेतरी बाहेर ने बाबा," असं ते म्हणाले. आम्ही रेल्वेने गेलो, मग बसने, मग पाइनच्या जंगलातून चालत एका तळ्यावर. तळ्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या वनरक्षकाला आम्ही तसा शब्द दिला आहे, कारण तिथे घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी चोरणारे शौकीन जर्मनीत पुष्कळ आहेत. तेव्हा मात्र आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. काठावर बसलो होतो, तर पाण्यावर एक मोठा पक्षी पंख फडफडवत एका जागी थांबला आणि पाय पुढे करून धाडकन पाण्यात पडला. वर आला तेव्हा पंजात मासा होता. मी ताडकन उभा राहिलो. "वहिनी, हा आमचा आहे!" आमच्या खाडीत थंडीत हा पक्षी येतो, जाळ्याच्या खांबावर बसतो. गावात त्याला नुसती मासेघार म्हणतात; कैकर हे पुस्तकातलं नाव मला नंतर कळलं. इथे त्याला फिशआडलर म्हणतात. घर सोडल्यापासून ओळखीचं असं मी पहिल्यांदाच काही बघत होतो. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, कृष्णेवर पण दिसतो हा! घाटाच्या पलीकडे, वाळलेल्या झाडावर." मग आम्ही दोघांनी ठरवूनच टाकलं, की उन्हाळ्यात इकडे असतो आणि थंडीत आपल्याकडे जातो तो हाच. आम्हाला यात जराही शंका आली नाही.

मासा घेऊन तो तळ्याकाठच्या एका उंच पाइनकडे गेला. शेंडा मोडलेल्या त्या झाडावर काटक्यांचं भलंमोठं घरटं होतं. तेवढ्यात पाऊस आला. घरट्यात बसलेल्या मादीने दोन्ही पंख अर्धे पसरले आणि तशीच भिजत बसून राहिली. पंखांखाली काहीतरी हललं. वहिनींनी माझी बाही धरली. "भाऊजी, बाळंतीण आहे ती."

त्यानंतर त्यांचा एकही रविवार चुकला नाही. वसंतरावांनी बंदरातल्या कोणाकडून तरी जुनी दुर्बीण आणून दिली. दोन घडीची स्टुलं, छत्री आणि फिरकीच्या झाकणाचा पितळी डबा, त्यात दहीभात. पहिल्याच खेपेला मी भुकेने डबा उघडायला गेलो तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "घरात बाळंतीण असताना आपण आधी जेवायचं? आधी ती जेवू दे." आणि खरोखरच, नर मासा घेऊन येईपर्यंत, मादी पिल्लांना भरवून मग स्वतः खाईपर्यंत, आम्ही डबा मांडीवर ठेवून बसून राहायचो. कधी कधी दुपार कलायची. नराने आणलेल्या माशाला डोकं नसायचं, ते तो आधीच कुठल्यातरी फांदीवर बसून खाऊन यायचा. हे कळल्यावर वहिनी भयंकर चिडल्या. "बघा! घरी बायको उपाशी, आणि हा मेला बाहेर जेवून येतो." घरी जाऊन वसंतरावांना ऐकवलं, "तुमच्यातलाच आहे हो एक तिकडे." वसंतराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पण मासा आणतो ना? मग झालं."

वहिनींच्या घरात अंडंही येत नसे. पण तळ्यावर त्यांची नजर माशावर असायची. "आज मोठा आहे! कसला हो तो, भाऊजी?" मी म्हणायचो, "वहिनी, जर्मन मासे मला ओळखू येत नाहीत, त्यांची ओळख कोणी करून दिली नाही." पिल्लं तीन होती. थोरलं धाकट्याला टोचायचं, तेव्हा त्या दुर्बिणीतून त्याला रागवायच्या. धाकट्याला घास मिळाला की मागे टेकून सुस्कारा सोडायच्या. एवढं बोलताना मी त्यांना घरी कधी ऐकलं नव्हतं. वनरक्षक मधूनमधून सायकलवर फेरी मारायचा, टोपी काढून त्यांना "श्रीमती फिशआडलर" म्हणायचा. वहिनी "जा" म्हणायच्या, मग "गेनाऊ".

त्या ऑगस्टमध्ये पिल्लं उडायला लागली. एका रविवारी, सूर्य पाइनच्या मागे गेल्यावर, वहिनी घरट्याकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "मिरजेवरून जाशील तेव्हा घाटावर बघ हं. दोन वेण्या घालते. गालावर तीळ आहे." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मीही मनातल्या मनात मादीला आमच्या खाडीचा पत्ता सांगितला. अख्खी थंडी आम्ही त्या समजुतीवर काढली. खिडकीबाहेर चार वाजता अंधार पडायचा आणि वहिनी म्हणायच्या, "आता पोचली असेल."

मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्ही मिरजेला का जात नाही? बोटीच्या भाड्याचे पैसे साठले होते, मला माहीत होतं.  त्या म्हणाल्या, "जाईन हो. पण मी दारात उभी राहिले आणि ती मामीच्या मागे लपली तर? इथे असेपर्यंत मला निदान असं वाटतं की ती वाट बघत असेल."  मी चहा पीत राहिलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच घरट्यात दोन पिल्लं झाली. ऑगस्टच्या शेवटी आम्ही गेलो तर मादी दिसेना. पिल्लं घरट्याच्या काठावर बसून एकसारखी ओरडत होती. नराने मासा आणून टाकला आणि निघून गेला. वहिनींचा चेहरा उतरला. "कोणीतरी मारली तिला." वनरक्षक आला तेव्हा त्यांनी मला विचारायला लावलं. तो म्हणाला, मारली कशाला, गेली ती. यांच्यात आई आधी जाते. बाप मागे राहून पिल्लांना खाऊ घालतो, मग तोही जातो, आणि पिल्लं आपापली निघतात. मी सांगितलं, तशा वहिनी म्हणाल्या, "पिल्लं अजून ओरडतायत… आणि ही गेली?" मग मला वाटतं त्यांना धीर हवा होता, म्हणून म्हणाल्या, "विचारा त्याला, हिंदुस्थानात किती दिवसांनी पोचते." वनरक्षक हसला. इथले पक्षी हिंदुस्थानात जात नाहीत, म्हणाला. पायात कडी घातलेले सापडतात ते आफ्रिकेत. तुमच्याकडे येतात ते आणखी पूर्वेकडचे असतील, रशियाकडचे.

मी भाषांतर करायला जरा वेळ लावला. पण त्यांना 'आफ्रिका' हा शब्द कळला होता. या खेपेला त्या "जा" म्हणाल्या नाहीत. डबा मांडीवर तसाच. मी म्हटलं, "वहिनी, जेवून घेऊ या." त्या म्हणाल्या, "कोणाच्या नंतर?" बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. हॅम्बर्गचे दिवे दिसायला लागल्यावर म्हणाल्या, "म्हणजे कोणीच जात नव्हतं तिच्याकडे. माझं मलाच जायला हवं, भाऊजी."

त्या थंडीत त्या बोटीने गेल्या आणि पुढच्या वसंतात शैलाला घेऊन आल्या. ती दहा वर्षांची झाली होती. दारात मामीच्या मागे लपली का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पोर शहाणी होती, हुशार होती. शाळेत भराभर जर्मन शिकली. पण आईशी अहो-जाहो करून बोलायची. "तुम्ही पाणी देता का?" "तुमचा पदर दारात अडकलाय." पाहुण्याशी बोलावं तसं. वसंतरावांना मात्र सहज बाबा म्हणायची, कारण ती जागा मिरजेत मोकळीच राहिली होती.

उन्हाळा आला आणि आम्ही तिघं तळ्यावर जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी शैलाने डबा मागितला. वहिनींनी नियम सांगितला. शैला म्हणाली, "मला आत्ता भूक लागलीय." वहिनींनी मुकाट्याने झाकण फिरवलं, तिचा भात तिला काढून दिला आणि डबा पुन्हा बंद करून मांडीवर घेतला. शैला खाता खाता त्यांच्याकडे बघत होती. मुद्दाम हळू खात होती. "मिरजेची आई असलं काही करत नाही," ती म्हणाली. "ती शहाणी आहे," वहिनी म्हणाल्या आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ त्यांनी ती खाली घेतली नाही. घरट्यात तेव्हा पाहण्यासारखं काही चाललं नव्हतं.

असं प्रत्येक रविवारी झालं. पोर आधी खायची, आई थांबायची. मी कोणाची बाजू घ्यावी हे न कळून कधी थांबायचो, कधी दोन घास खायचो. ऑगस्टात मादी निघून गेली तेव्हा शैला बराच वेळ रिकाम्या फांदीकडे बघत राहिली. तिने वहिनींना विचारलं, "ती परत येईल?" "पुढच्या वर्षी येईल." "तीच?" "तीच." मग शैलाने विचारलं, "तिची पिल्लं तिला ओळखतील?" काहीतरी गोड सांगून टाकता आलं असतं. वहिनी म्हणाल्या, "माहीत नाही गं. मला खरंच माहीत नाही."

मी गार्चिंगला निघालो तेव्हा स्टेशनवर त्या एकट्याच आल्या होत्या. नाताळ नुकताच होऊन गेला होता, पाऊस पडत होता. हातात माझ्यासाठी लाडू बांधलेला रुमाल. म्हणाल्या, "अजून मला अहो म्हणते, भाऊजी. मी तिच्या घरी पाहुणी आहे. पण असू दे… घरात आवाज तरी आहे." गाडी हलली तेव्हा त्या प्लॅटफॉर्मच्या कडेने थोडं चालल्या. मग खांब आडवा आला. ती आमची शेवटची भेट.

अंत्यविधीला मी पोचलो तेव्हा दालनात मोजकीच माणसं होती. बंदरातले दोघं, खालच्या मजल्यावरची वासाची तक्रार करणारी म्हातारी, ती मात्र रडत होती, आणि मागे हिरव्या कोटातला वनरक्षक. एवढ्या लांबून बस आणि रेल्वे करून आलेला. भटजी कोणी नव्हते. वसंतरावांना जे दोन श्लोक येत होते ते त्यांनी म्हटले आणि मध्येच अडकले. शैला शेजारणीच्या मुलीचा काळा कोट घालून उभी होती. हात बाह्यांत बुडून गेले होते. ती रडली नाही. वसंतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामीची तार आलीय. पोरीला पाठवून द्या म्हणते. मला तरी हिच्या मनातलं काही कळत नाही रे. हिला हिच्या आईबद्दल काही वाटत होतं की नाही, तेही कळत नाही."  परतीच्या गाडीत रात्रभर मी त्याचाच विचार करत होतो, की वहिनी गेल्या त्या पाहुण्या म्हणूनच गेल्या का…

मे महिन्यात सुट्टी काढून मी हॅम्बर्गला गेलो. रविवारी सकाळी शैला स्वयंपाकघरात उभी होती. पितळी डबा धुऊन पालथा घातला होता आणि ती भात कालवत होती. मोहरी करपल्याचा वास घरभर पसरला होता. वसंतराव दाढी अर्धी सोडून बाहेर आले. ते आजवर कधीच तळ्यावर आले नव्हते. त्या दिवशी आले.

पक्षी आले होते. मादी घरट्यात अगदी खाली बसली होती, डोक्याचा पांढरा भाग तेवढा दिसत होता, अंड्यांवर होती. वारा गार होता. आम्ही स्टुलं मांडली. ती दोनच होती, म्हणून मी वसंतरावांचं नको नको ऐकूनही खाली पानांवर बसलो. दुर्बीण शैलाच्या गळ्यात होती. तास गेला असेल, दीड तास. वसंतरावांना पहाटेपासून चहावर काढायची सवय नाही. त्यांनी डबा ओढला आणि झाकणाला हात घातला.

"बाबा, थांबा."

"का गं?"

"आधी ती जेवू दे."

वसंतराव माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "कोण ती?" त्यांनी विचारलं.

शैलाने घरट्याकडे बोट दाखवलं. मग त्यांच्या हातातून डबा काढून घेतला, आपल्या मांडीवर ठेवला आणि झाकणावर दोन्ही हात ठेवले. "बाळंतीण आहे ती," ती म्हणाली. "आपण आधी जेवायचं नसतं. आई सांगायची."

हॅम्बर्गची नाही, मिरजेची नाही. नुसती आई.  वसंतरावांनी चष्मा काढून पुसला, आणि मग नुसताच हातात धरून बसले.

नर आला तेव्हा दुपार उलटली होती. मासा लहान होता, आणि नेहमीसारखा बिनडोक्याचा. मादी उठली, तो घेऊन शेजारच्या वाळक्या फांदीवर गेली आणि नर तिच्या जागी अंड्यांवर बसला. शैलाने दुर्बीण डोळ्यांना लावली. मादी खात होती, आम्ही बघत होतो. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "जेवली ती. आता उघडायचा का डबा?"

"अजून थोडा राहिलाय," शैला म्हणाली. एक हात तिने झाकणावर तसाच ठेवला होता.